गाळपेराची बाजू

अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेत नाव सांगायचं नसतं. कॉलेजचं नाही, गावाचं नाही, स्वतःचंही नाही. प्रत्येक संघाला एक अक्षर मिळतं आणि तेवढीच त्याची ओळख. परीक्षकांसमोर चुकून "आमच्या बारामतीत" एवढं तोंडातून निसटलं तरी गुण कापतात. कॉलेजची सगळी वर्षं मी या नियमात काढली, त्यामुळे हाडाला सवय लागली आहे. इथेही मी कुणाचं नाव सांगणार नाही. नावानिशी गाजावाजा तेव्हा झाला तेवढा पुरे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांना सांगते. खटला खोटा, युक्तिवाद खरे. आयोजक एक वाद रचून पाठवतात, गाव कल्पित, माणसं कल्पित. तिघांचा संघ त्यावर महिना दीड महिना घासतो. दोघं बोलणारे आणि एक कागद शोधणारा. दोन्ही बाजूंची तयारी करायची, याचिकाकर्त्यांची आणि प्रतिवादीची, कारण ऐनवेळी चिठ्ठी निघते आणि चिठ्ठीत येईल ती बाजू मांडायची. कोण बरोबर हे तिथे कुणी ठरवत नाही. कोण चांगलं बोललं, एवढंच ठरतं. वर्गात चार वर्षांत कळत नाही ते या खेळात चार दिवसांत कळतं असं आमचे सर म्हणायचे, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

मी कागद शोधणारी. सांगवीच्या ऊसवाल्या घरातली मुलगी, बोलायला उभी राहिले की आवाजही चढतो आणि पाराही. सरांनी पहिल्याच वर्षी ओळखलं आणि मला खाली बसवलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. दोन तास पुस्तकांत डोकं घालून नेमका निकाल शोधायचा, चिठ्ठीवर लिहून वक्त्याच्या हातात सरकवायचा आणि त्याने तो जज्जांच्या तोंडावर मारायचा, यात मला भांडण जिंकल्याचं समाधान मिळायचं.

आमच्या संघात एक मुलगा होता, माळेगावकडचा, सरळ आणि पाठांतराचा पक्का. आणि ती होती. पळसदेवची. आज ती इंदापूरच्या कोर्टात उभी राहते आणि समोरचा वकील तिचं नाव ऐकून कागद पुन्हा चाळतो. तेव्हा ती एसटीने ये-जा करणारी, दोन ड्रेस आलटून पालटून घालणारी, डब्यात कायम मासे आणणारी मुलगी होती. माझ्या घरी माळकऱ्यांचा सोवळा कारभार, त्यामुळे मासे खायला मी तिच्या डब्यावरच शिकले.

तिच्या वडिलांना ती अण्णा म्हणायची, म्हणून मीही अण्णाच म्हणते. काठावर थोडं रान आणि पाण्यावर एक होडी, असा त्यांचा प्रपंच. पण त्यांचं खरं रान पाण्याखाली होतं. धरण भरलं तेव्हा अण्णा लहान होते. दर उन्हाळ्यात पाणी मागे सरतं, जुनं देऊळ वर येतं, लोक फोटो काढायला येतात, आणि त्याच्या अलीकडे अण्णांच्या वडिलांची जमीन उघडी पडते. अशा उघड्या पडलेल्या जमिनीला आमच्याकडे गाळपेर म्हणतात. गाळ मऊ असतो, नांगर न घालता बी टाकलं तरी उगवतं. अण्णा दरवर्षी खाली उतरायचे, चिंचेचा बुडखा शोधायचे आणि तिथून आपला बांध धरून कलिंगड, काकडी लावायचे. कुणी हटकलं तर वर यायचं, नाही हटकलं तर पीक काढायचं. कधी सरकारी खात्याने ते रान दुसऱ्यालाच हंगामापुरतं लावून दिलेलं असायचं. मग त्या माणसाशी बोलाचाली व्हायची.

अण्णा आणि आणखी काही घरं यावर कोर्टात गेली होती. आमचं रान उघडं पडतं तेव्हा ते आमच्याकडेच असावं, एवढं त्यांचं म्हणणं. इंदापूर झालं, पुणे झालं, शेवटी मुंबई झाली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण ज्याचं रान वर्षातून एकदा डोळ्यांसमोर येऊन जातं त्याने शहाणपण कुठून आणायचं? मुंबईहून निकाल आला तो इंग्रजीत. वकील म्हणाले, हरलो. अण्णांनी विचारलं, का हरलो? वकील म्हणाले, कायदा तसा आहे. त्यापुढे त्यांना कुणी काही सांगितलं नाही. मुलीला बारावीनंतर कायद्याला घालताना भावकी म्हणाली, पोरीला वकील करून काय करतोस, नर्सिंगला घाल. अण्णा म्हणाले, आपण का हरलो हे सांगणारं घरात कुणीतरी पाहिजे. हे तिने मला पहिल्या वर्षीच सांगितलं होतं, आणि हसत सांगितलं होतं.

त्यामुळे शेवटच्या वर्षी स्पर्धेचा वाद हातात पडला तेव्हा ती जागची उठली. एक कल्पित गाव, एक कल्पित धरण, उन्हाळ्यात उघडी पडणारी जमीन आणि तिच्यावर हक्क सांगणारी उठवलेली माणसं. कुणी रचला होता देव जाणे. जणू पळसदेवच्या काठावर बसून रचला होता. स्पर्धा मराठीतून, बारामतीतच. तिने त्या दिवशी ठरवलं की अंतिम फेरीला पोचायचं आणि अण्णांना समोर बसवून त्यांची बाजू मांडायची. खऱ्या कोर्टात त्यांच्या वतीने कोण काय बोललं हे त्यांना कधी कळलंच नाही. निदान एकदा, खोट्या का होईना कोर्टात, काळ्या कोटातल्या जज्जांसमोर, ती बाजू तिला त्यांना ऐकवायची होती. निकाल काहीही लागो.

तयारीचे ते दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. कॉलेजच्या बाकीच्या भानगडीही चालूच होत्या. अंथुर्ण्याला कायदे साक्षरतेचं शिबिर होतं, तिथे पारावर उभी राहून ती बायकांना वारसानोंद समजावून सांगत होती, आणि परतीच्या गाडीत पुन्हा आपला गाळपेर. जमीन घेतली पाण्यासाठी, मग पाणी नसेल तेवढे दिवस ती घेण्याचं कारणच उरत नाही, हा तिचा पहिला मुद्दा. ज्याचं पोट त्या जमिनीवर होतं त्याला आधी विचारलं पाहिजे, हा दुसरा. अण्णांचं नाव न घेता ती अण्णांबद्दलच बोलायची. सरकारची बाजूही आम्ही तयार केली होती, नाही असं नाही. ती तयार करताना मात्र ती कोरडी व्हायची, आणि कोरडी झाली की भयंकर चांगली बोलायची. सरांच्या ते लक्षात आलं होतं. ते म्हणाले होते, मनापासून बोलतेस तेव्हा आवाज कापतो तुझा.

सुरुवातीच्या फेऱ्यांत याचिकाकर्त्यांची बाजू आली, प्रतिवादीचीही आली, आणि आम्ही अंतिम फेरीला पोचलो. तिने घरी फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा भिगवणवरून गाडी बदलून आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी, पायांत नव्या चपला. बरोबर शेजारचे एक म्हातारे आबा होते, त्या खटल्यातलेच, ज्यांना कानाला कमी ऐकू येत होतं पण कोर्ट म्हटलं की पिशवीत सात-बारा घेऊन निघायची सवय होती. सभागृहात दोघं तिसऱ्या रांगेत बसले.

मग चिठ्ठी निघाली. आम्हाला प्रतिवादीची बाजू आली.

आमच्या संघातल्या मुलाने तिच्याकडे पाहिलं. बाजू बदलायची सोय नसते. बोलणारे दोघं, दोघांनी त्याच बाजूने बोलायचं. ती सरळ तिसऱ्या रांगेकडे गेली आणि अण्णांच्या शेजारी उकिडवी बसली. मी मागे होते, मी ऐकलं. तिने त्यांना सगळं समजावलं, की हा खेळ आहे, चिठ्ठीत सरकार आलं, आता सरकारकडून बोलावं लागणार. अण्णांनी शांतपणे ऐकलं. मग तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"बोल की. वकिलाचं कामच हाय ते. मला कळतंय."

आबांना मात्र यातलं काही ऐकू गेलं नव्हतं.

ती बोलायला उभी राहिली. मी तिच्या शेजारी चिठ्ठ्या आणि पेन घेऊन बसले होते, पण त्या दिवशी तिला माझ्या एकाही चिठ्ठीची गरज पडली नाही. तिचा आवाज एकदाही कापला नाही. समोरच्या संघाने आमचेच मुद्दे मांडले होते, पाण्याचं कारण, पोटाचं कारण, आणि बरे मांडले होते. ती एकेक उचलायची आणि शांतपणे खाली ठेवायची. जमीन कायद्याने घेतली, मोबदला स्वीकारला गेला, त्या क्षणी मालकी संपली. पाणी ओसरलं म्हणून संपलेली मालकी वर येत नाही. ज्यांनी कागदावर अंगठा उमटवला त्यांनी तो समजून उमटवला असंच कायदा धरून चालतो. मी एकदाच मान वळवून तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि मान किंचित पुढे काढून ते ऐकत होते, शाळेत पहिल्या बाकावरचा मुलगा ऐकतो तसे.

मधल्या खुर्चीवरच्या जज्जबाई निवृत्त होत्या आणि चांगल्याच तिखट होत्या. त्यांनी तिला अडवलं. म्हणाल्या, मग त्या माणसाने उन्हाळ्यात आपल्या डोळ्यांसमोर उघडं पडलेलं बापाचं रान नुसतं बघत बसायचं का?

ती एक क्षण थांबली. मला वाटलं आता ती मोडणार.

"होय, माय लॉर्ड," ती म्हणाली. "बघायला कायद्याची मनाई नाही."

जज्जबाईंनी पेन खाली ठेवलं. मला तिथेच कळलं की आम्ही जिंकलो.

निकाल जाहीर करताना निवेदकाने स्पर्धेच्या रीतीप्रमाणे संघाचं अक्षर सांगितलं आणि पुढे म्हटलं, प्रतिवादी, म्हणजेच सरकार पक्ष, विजयी. टाळ्या वाजल्या. टाळ्या थांबता थांबता तिसऱ्या रांगेतून आबा उठले. हातात पिशवी होती. त्यांनी व्यासपीठाकडे बघून हात जोडले आणि खणखणीत आवाजात विचारलं, "सायेब, मंग आमाला पुढची तारीख?"

सभागृह हसलं. पोरं खिदळली, एक प्राध्यापक रुमालात हसले. वाईट मनाने कुणी हसलं असं मी म्हणणार नाही, पण मला त्या सगळ्यांच्या कानाखाली जाळ काढावा असं वाटलं, आणि आजही वाटतं. अण्णांनी आबांचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि कानात काहीतरी सांगितलं. आबांनी सात-बारा पुन्हा पिशवीत नीट घातला. बऱ्याच वर्षांची सवय होती त्यांना, सरकार जिंकल्यावर कागद गोळा करायची.

तिला सर्वोत्कृष्ट वक्त्याचा चषकही मिळाला. फोटो झाले. सरांचे डोळे भरून आले होते, कॉलेजच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पूर लोटला होता. आम्ही स्टँडवर आलो तेव्हा उन्हं कलली होती. मी सगळ्यांना चहा सांगितला. आबा बाकावर बसल्या बसल्या डुलक्या घेत होते. चषक तिने पायाशी ठेवला होता, कागदात गुंडाळून. ती अण्णांकडे बघत नव्हती. मग अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला.

"लई बेस बोललीस," ते म्हणाले. "इतकी वर्सं कुणी सांगितलं न्हवतं. आज कळलं, आमी का हरलो."

ती म्हणाली, अण्णा, ते खरं नाही, तो खेळ होता. ते म्हणाले, खेळ होता हे मला ठाऊक आहे, पण बोलणं खोटं नव्हतं. मग जरा वेळाने त्यांनी विचारलं की बापाने अंगठा दिला तो समजून दिला असं खरंच धरतात का. तिने होय म्हणून मान हलवली. अण्णांनीही मान हलवली. त्यात राग नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. ती भांडली असती, रडली असती. अण्णांच्या चेहऱ्यावर, एखादा हिशोब खूप वर्षांनी जुळल्यावर येतो तसा थकवा होता. गाडी आली, आणि ते दोघं म्हाताऱ्यांसारखे एकमेकांना धरून चढले. तोपर्यंत मी अण्णांना म्हातारं समजत नव्हते.

गावातल्या पोरांनी स्टँडवर फ्लेक्स लावला. तिचा फोटो, चषक, गावची कन्या, गावाची शान. खाली शुभेच्छुकांचे चेहरे तिच्यापेक्षा मोठे. तो फ्लेक्स महिनाभर उन्हात राहिला. मग वाऱ्याने एका बाजूने फाटला आणि पोरांनी तो अण्णांच्या घरी आणून दिला. आमच्याकडे जुना फ्लेक्स कुणी फेकत नाही. अण्णांनी तो होडीतल्या जाळ्यांवर झाकायला घेतला. उलटा टाकायचे, पांढरी बाजू वर.

त्या उन्हाळ्यात पाणी लवकर मागे गेलं. देऊळ वर आलं, चिंचेचा बुडखा वर आला. तिने मला फोन केला तेव्हा आधी परीक्षेबद्दल बोलली, मग सनदेच्या अर्जाबद्दल, आणि मग म्हणाली, अण्णा खाली गेलेच नाहीत गं. बी घरात तसंच आहे. आईने दोनदा आठवण केली, तर म्हणाले, राहू दे. रोज संध्याकाळी काठावर जाऊन बसतात. परवा मीच काठावर जाऊन विचारलं, अण्णा, काय करताय इथे? तर म्हणाले, बघतोय की.

कागद शोधून देणारी बाई मी, पण याला कुठला कागद शोधणार?

वैशाखात मी पळसदेवला गेले. तिने मुद्दाम बोलावलं होतं. म्हणाली, तू नुसती ये, समोर बस. संध्याकाळी आम्ही तिघं काठावर गेलो. अण्णा पालथ्या घातलेल्या होडीवर बसले. तिने त्यांना सांगितलं की माझी दुसरी बाजू तुम्ही ऐकलेलीच नाही, जी मी तुमच्यासाठी तयार केली होती, ती आज ऐका. तुम्ही जज्ज. ही प्रतिवादी. मला तिने हात धरून एका दगडावर बसवलं. अण्णा आधी हसले. मग ती "माय लॉर्ड" म्हणाली आणि त्यांनी हातातली तंबाखू तशीच मुठीत मिटली.

ती पंचवीसेक मिनिटं बोलली असेल, स्पर्धेत देतात तेवढा सगळा वेळ. मी तिला इतकं मनापासून बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. जमीन पाण्यासाठी घेतली, पाणी नाही तेव्हा ती कशासाठी अडवता. ज्याने गावाला, शहराला, कारखान्याला पाणी दिलं त्याला वर्षातले चार महिने गाळ द्यायला कायदा आडवा येत असेल तर कायद्याने आपली पावलं तपासावीत. आवाज कापत होता. मी प्रतिवादी होते, पण मला बोलायचंच नव्हतं. त्या क्षणी कुणी मला विचारलं असतं तर मी सगळं धरण तिच्या नावाने करून दिलं असतं.

ती थांबली. अण्णा खाली उघड्या रानाकडे बघत होते. त्यांच्या बांधाच्या आत कुणाचीतरी कलिंगडं लागली होती. त्यांनी विचारलं, हे सगळं त्या दिवशी समोरच्या पोरांनी का नाही सांगितलं?

"सांगितलं होतं अण्णा," ती म्हणाली. "हेच सांगितलं होतं त्यांनी."

"व्हय," अण्णा म्हणाले. "आठवलं. मंग तू बोललीस."

ते होडीवरून उठले. शेजारी काढून ठेवलेल्या जाळ्यांवरच्या फ्लेक्सचं एक टोक वाऱ्याने उडत होतं, ते त्यांनी जाळ्याखाली खोचलं. जाता जाता तिच्यापाशी थांबले आणि त्या दिवशी फिरवला होता तसाच तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"चांगलं बोललीस, बाळा," ते म्हणाले. "पर त्या दिशी जास्त चांगलं बोलली हुतीस."

मग मला म्हणाले की चहा घेतल्याशिवाय जाऊ नकोस, आणि घराकडे चालू लागले. आम्ही दोघी तिथेच राहिलो. खाली कुणीतरी इंजिन चालू करून त्या कलिंगडांना पाणी सोडत होतं.